आठ वाजताची नोंद

पाटबंधारे खात्यात मी एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली बरीचशी वर्षे नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या परिसरात पाण्याच्या आणि पावसाच्या नोंदी घेण्यात गेली. सकाळी आठ वाजता पर्जन्यमापकातले पाणी मोजायचे, धरणाची पातळी पट्टीवर वाचायची, रजिस्टरमध्ये लिहायची आणि वर कळवायची, हा क्रम दिवाळीत चुकला नाही आणि घरात लग्नकार्य होते तेव्हाही चुकला नाही. मी नसेन तर दुसरा कोणी नोंद घेई, पण आठचा रकाना रिकामा राहत नसे. हे आधी सांगण्याचे कारण असे की, ज्या माणसाने आयुष्यभर पाणी मोजले, त्याच्या थोरल्या बहिणीचा रक्तदाब, तिने आपले एक मूत्रपिंड त्याला दिल्यानंतर साडेचार वर्षे कोणीही मोजला नव्हता. मीही नाही.

माझी स्वतःची मूत्रपिंडे रक्तदाबापायी गेली, असा डॉक्टरांचा अंदाज होता. रक्तदाब आधी वाढला आणि त्याने मूत्रपिंडे निकामी केली, की मूत्रपिंडे आधी बिघडली आणि त्यामुळे रक्तदाब वाढला, हे माझ्यासारख्या उशिरा पोहोचलेल्या रुग्णाच्या बाबतीत छातीठोकपणे सांगता येत नाही, असेही ते म्हणाले. २०१३ च्या पावसाळ्यात पायांवर सूज दिसू लागली. जागरणामुळे असेल म्हणून मी दोन महिने काढले, आणि शेवटी दंडाला पट्टा बांधला गेला तेव्हा वरचा आकडा १९० भरला. तोपर्यंत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा रक्तातला कचरा, सहाच्या पुढे गेले होते. पुढच्या वर्षी आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झाले. त्या वर्षाबद्दल मला फार लिहायचे नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत, सिंहस्थाच्या तयारीने सगळे शहर खणून ठेवलेले असताना, ताईचे डावे मूत्रपिंड माझ्या शरीरात आले. ती तेव्हा ५४ वर्षांची होती आणि मी ४८ वर्षांचा.

शस्त्रक्रियेआधी ताईच्या जेवढ्या तपासण्या झाल्या, तेवढ्या तिच्या उभ्या आयुष्यात झाल्या नव्हत्या. रक्त, चोवीस तासांची लघवी, हृदयाची सोनोग्राफी, दोन्ही मूत्रपिंडे किती काम करतात हे दाखवणारा डीटीपीए स्कॅन, रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. रक्तदाब तर वेगवेगळ्या दिवशी, दोन्ही हातांवर, बसवून आणि निजवून मोजला गेला. ११८/७६, १२०/७८, ११६/७४ असे ते आकडे होते, आणि ते पाहून आमच्या घरात सगळ्यांना हायसे वाटले. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे बहीण ही जवळची नातेवाईक. तरीही २०१४ च्या नियमांत अशी तरतूद आहे की दाता स्त्री असेल तर अधिक खबरदारी घ्यावी आणि तिची संमती स्वतंत्र आहे ना, याची खात्री रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी. त्यामुळे तिला वेगळ्या खोलीत नेऊन विचारले गेले आणि मी बाहेर बाकावर बसून राहिलो. काय विचारलं, असे मी नंतर विचारले, तेव्हा ती म्हणाली, "कोणी भाग पाडलंय का, असं विचारत होते. मी सांगितलं, भाग पाडायला आला असता तर दिली नसती."

ही तरतूद कशासाठी आहे, हे आपल्याकडच्या कोणत्याही प्रत्यारोपण विभागाच्या बाहेर तासभर बसले तरी कळते. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त आहेत. आई, बायको, बहीण. त्यातल्या बहुतेकींना कोणी बळजबरी केलेली नसते, हे मला मान्य आहे. पण स्वतःच्या तब्येतीकडे शेवटी पाहण्याची सवय मात्र त्यांना लहानपणापासून लावलेली असते, आणि मूत्रपिंड देऊन झाल्यावर तीच सवय त्यांना सगळ्यांत जास्त महागात पडू शकते.

पाचव्या दिवशी ताई घरी आली. तिच्या हातात दिलेल्या कागदावर तीन गोष्टी होत्या: टाके दाखवायला आठवड्याने या, तीन महिने जड उचलू नका, भरपूर पाणी प्या. माझी फाईल मात्र दोन बोटे जाड होती. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी, क्रिएटिनिन, साखर, आणि प्रत्येक भेटीत रक्तदाब. पहिली दोन वर्षे मी तपासणीला जाई तेव्हा ताई हटकून बरोबर येई. दाजी म्हणत, "तुम्ही आता घरी आराम करा," पण ती ऐकत नसे. माझी पिशवी आणि फाईल सांभाळत ती बाकावर बसे. आतल्या परिचारिका माझ्या दंडाला पट्टा बांधत, आकडा लिहीत आणि पुढच्याला हाक मारत. तो पट्टा, तिथून दोन हात अंतरावर बसलेल्या आणि त्या दिवसापुरती माझ्यापेक्षा जास्त दमलेल्या बाईच्या दंडाला बांधावा, असे कोणाच्याही मनात आले नाही. त्यात दुष्टावा नव्हता. ती तिथली रुग्ण नव्हती, तिच्या नावाचा केसपेपर नव्हता, आणि तिला काही होतही नव्हते. धडधाकट आहे म्हणून तर तिची निवड झाली होती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला. ताईचा वाडा पंचवटीत, रामकुंडापासून पाच-सात मिनिटांवर. वाड्यात पाणी आले नाही, पण शेजारच्या दोन घरांचे सामान हिच्या ओसरीवर आले आणि आठ-दहा दिवस तिला नीट झोप नव्हती. त्याच सुमारास तिची दाढ दुखू लागली. दाढ काढण्याआधी दंतवैद्यांनी नेमाप्रमाणे रक्तदाब पाहिला, तो १५८/९६ निघाला. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिला, १५४/९४. त्यांनी दाढ काढायचे पुढे ढकलले आणि विचारले, आधीचे काही ऑपरेशन? ताईने सांगितले, एक किडनी भावाला दिली आहे. तेव्हा त्यांनी हातातली वस्तू खाली ठेवली आणि विचारले, "मग तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलं होतं?" ताईला आठवेना. भाची बरोबर होती. तिने घरी येऊन मला फोनवर हे जसेच्या तसे सांगितले, आणि तो प्रश्न आजही माझ्या कानांत आहे.

पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगितलेला आकडा लोकांना हवेतला वाटतो. मी पाण्याचा माणूस असल्याने तो पाण्यात मोजतो. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड, म्हणजे १२० मिलिमीटर पाऱ्याचा दाब हा सुमारे १ मीटर ६३ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब झाला. साधारण माणसाच्या उंचीइतका. १५८ म्हणजे २ मीटर १५ सेंटिमीटर, ताईच्या वाड्याच्या जुन्या दाराच्या चौकटीच्याही वर. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त किती उंच चढते हे खरोखरच मोजले होते आणि १७३३ मध्ये ते प्रसिद्ध केले. रक्त आठ फुटांहून वर चढले होते. दंडाचा पट्टा आला तो त्यानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळाने, १८९६ मध्ये, इटलीतल्या रिवा-रोची यांच्यामुळे, आणि स्टेथोस्कोपने ठोके ऐकून वरचा-खालचा आकडा ओळखण्याची रीत १९०५ मध्ये रशियातल्या कोरोत्कॉफ यांनी दिली.

आता मूत्रपिंडाचे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीत केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा भाग या दोन मुठींएवढ्या अवयवांतून जातो. दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो आणि त्यातला लिटर-दीड लिटर सोडून बाकी सगळा परत घेतला जातो. एक मूत्रपिंड काढले की गाळण्या निम्म्या होतात, पण काम निम्मे राहत नाही. उरलेले मूत्रपिंड काही आठवड्यांत आपला प्रवाह वाढवते, थोडे आकारानेही वाढते, आणि एकूण गाळणक्षमता पूर्वीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास किंवा थोडी वर जाऊन स्थिरावते. एखाद्या धरणाचा एक कालवा बंद झाला आणि दुसऱ्यातून जास्त पाणी सोडावे लागले, तर त्या कालव्याचे अस्तर कुठे झिजते आहे, याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. कालवा फुटेलच असे नाही, बहुधा फुटत नाहीच. पण त्याच्या काठाने फेरी मारणारा माणूस हवा. वाढलेला रक्तदाब थेट त्या केशवाहिन्यांवर पडतो, त्या झिजल्या की लघवीतून प्रथिन जाऊ लागते, आणि झिजलेले मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवून व रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडून रक्तदाब आणखी चढवते. माझ्या शरीरात हे चक्र एकदा पूर्ण फिरले आहे, म्हणून ते मला पुस्तकी वाटत नाही.

एका मूत्रपिंडावर माणूस नीट जगतो, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. जगातले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी केले. त्यात रोनाल्ड हेरिक यांनी आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला, मूत्रपिंड दिले. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगले आणि रोनाल्ड २०१० पर्यंत, म्हणजे एका मूत्रपिंडावर ५६ वर्षे. हे उदाहरण मला शस्त्रक्रियेआधी अनेकांनी सांगितले आणि ते खरे आहे.

त्यानंतरचे मात्र मी ताईची दाढ दुखल्यावर वाचले. २००६ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचे, पाच हजारांहून अधिक दात्यांचे, एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. दान केल्यावर पाच ते दहा वर्षांत दात्यांचा रक्तदाब, नुसत्या वयाने वाढला असता त्यापेक्षा सुमारे ५ मिलिमीटरने अधिक वाढलेला असू शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पाच मिलिमीटर म्हणजे पाण्याचे सात सेंटिमीटर. हे वाचून मला प्रथम हसू येण्याइतके किरकोळ वाटले, आणि मग धरणाच्या पट्टीवरचे सात सेंटिमीटर डोळ्यांसमोर आले. पातळी सात सेंटिमीटर चढली तर आम्ही ती रजिस्टरमध्ये लिहीत होतो, वर कळवत होतो आणि पुढच्या नोंदीची वाट पाहत होतो.

दात्यांची तुलना कोणाशी करायची, यावर बरेच अवलंबून असते, हेही मला तेव्हाच समजले. सर्वसामान्य जनतेत मधुमेही, हृदयरोगी, जाडजूड सगळे येतात. दाते त्यांच्यापेक्षा सुखरूप दिसणारच, कारण ते चाळणीतून निवडून घेतलेले असतात. खरी तुलना तितक्याच निरोगी, पण दान न केलेल्या माणसांशी व्हायला हवी. तशी ती अमेरिकेत सुमारे ९६,००० दात्यांच्या नोंदींवरून झाली आणि २०१४ मध्ये छापून आली. पंधरा वर्षांत मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण दात्यांत दर १०,००० मध्ये ३१ च्या आसपास आणि तुलनेच्या निरोगी गटात ४ च्या आसपास निघाले. दोन्ही आकडे लहान आहेत. ३१ जणांना सोडून उरलेल्या ९,९६९ जणांना तसे काही झाले नाही, हे दात्याला आणि त्याच्या घरच्यांना पहिल्यांदा सांगितले पाहिजे. पण चार आणि एकतीस यांच्यातला फरकही सांगितला पाहिजे. तरुण स्त्री दात्यांसाठी तर आणखी एक गोष्ट आहे: २०१५ मधल्या कॅनडातल्या अभ्यासात, दान केल्यानंतरच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा किंवा त्याच्याशी निगडित गुंतागुंतीचा त्रास दात्या स्त्रियांत ११ टक्के आणि इतरांत ५ टक्के आढळला. घरात कोणा मुलीने वा सुनेने मूत्रपिंड दिले असेल, तर तिच्या प्रसूतितज्ज्ञांना हे पहिल्याच भेटीत सांगावे.

ताईचा रक्तदाब मूत्रपिंड दिल्यामुळेच वाढला का? हा प्रश्न मी नव्या मूत्रपिंडतज्ज्ञ डॉक्टरांना विचारला तेव्हा माझा आवाज बहुधा नीट नव्हता. त्या म्हणाल्या की, वय ५८, वजन चार वर्षांत सहा किलोने वाढलेले, घरात सख्ख्या भावाला रक्तदाबाचा आजार, झोप नाही. यातले कशाने किती, हे वेगळे करता येणार नाही, आणि करून उपयोगही नाही. दुसऱ्या कोणा ५८ वर्षांच्या बाईचा दाब वाढला असता तरी उपचार लागलेच असते, हिच्या बाबतीत ते लवकर आणि काटेकोरपणे करायचे, इतकाच फरक. मग त्यांनी ताईच्या दंडाला चोवीस तासांचे यंत्र लावून घरी पाठवले. दिवसा दर वीस मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासाने पट्टा आपोआप आवळला जाई. ताई भाकरी थापत असताना तो आवळला की तिला हात तसाच स्थिर धरून उभे राहावे लागे आणि तव्यावरची भाकरी करपे. त्या दिवशीच्या तीन भाकऱ्या दाजींनी काही न बोलता खाल्ल्या.

त्या यंत्राने जे दाखवले ते एकदा दवाखान्यात मोजून दिसले नसते. पांढरा कोट पाहून काहींचा दाब वाढतो आणि घरी तो सरळ असतो. उलट काहींचा दवाखान्यात चांगला आणि घरी चढलेला असतो, आणि हा दुसरा, लपलेला प्रकार अधिक फसवा. ताईचा दिवसाचा सरासरी दाब १४२/८८ निघाला, जिथे दिवसाची मर्यादा १३५/८५ धरतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रात्री झोपेत दाब दहा ते वीस टक्क्यांनी खाली यायला हवा, तो तिचा जेमतेम चार टक्क्यांनी येत होता. लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन सुदैवाने मर्यादेत होते आणि क्रिएटिनिन १.१ होते. टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या औषधाची एक गोळी सुरू झाली. ही गोळी गाळणीतून बाहेर जाणारी वाट थोडी सैल करते, त्यामुळे गुच्छातला दाब उतरतो, असे डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा पाहायला सांगितले आणि ते आम्ही पाहिले.

तेव्हापासून मी दर रविवारी ताईकडे जातो. माझे घर गंगापूर रोडला, तिचे नदीच्या पलीकडे. बरोबर एक वही असते. तिच्यात तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी आणि शेरा असे रकाने मी पट्टीने आखले आहेत. यंत्र दंडाचे घेतले, मनगटाचे नाही, आणि वर्षातून एकदा डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहतो. पट्टा तिच्या दंडाच्या मापाचा आहे. लहान पट्टा दाब जास्त दाखवतो, हे मला आधी ठाऊक नव्हते. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचे, पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून बसायचे. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत. हात खाली लोंबत ठेवला तर आकडा जास्त येतो, तो पाण्याच्या स्तंभाचाच नियम आहे. दोन वेळा मोजायचे, मध्ये एक मिनिट थांबून. आणि बोलायचे नाही. ही शेवटची अट ताईला सगळ्यांत जड जाते. पट्टा आवळत असतानाच तिला शेजारणीच्या मुलाचे लग्न ठरल्याचे आठवते, आणि मग मी ती नोंद खोडून पुन्हा मोजतो. पहिल्या वर्षी ती चिडायची. "मी काय धरण आहे का रे?" असे एकदा म्हणाली होती.

त्या दिवशी उत्तर देता आले नाही, पण मला जे म्हणायचे होते ते असे: मातीचे धरण वरून कितीही भक्कम दिसले, तरी त्याच्या पोटातल्या पाण्याचा दाब नळ्यांनी मोजतात आणि पायथ्याशी झिरपणारे पाणी खाचेतून वाहवून रोज लिहितात. ते फुटायला आले म्हणून कोणी मोजत नाही. त्याच्यावर अख्खे शहर पाणी पिते, म्हणून मोजतात. ताईच्या उरलेल्या मूत्रपिंडाकडे मी तसे पाहतो. तिने दिलेल्या मूत्रपिंडाची काळजी घ्यायला पूर्ण विभाग आहे, कारण ते माझ्या शरीरात आहे. ठेवलेल्या मूत्रपिंडाची काळजी घ्यायला ती एकटी होती, आणि तिला तर गोळीची वेळही लक्षात ठेवायची सवय नव्हती.

मूत्रपिंडाच्या आजारांवर काम करणाऱ्या केडीगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत दात्याची तपासणी वर्षातून किमान एकदा, आयुष्यभर, व्हावी असे सांगितले आहे: रक्तदाब, वजन, क्रिएटिनिन, लघवीतले अल्ब्युमिन, आणि मनःस्थितीची विचारपूस. यात महागडे काही नाही. तालुक्याच्या ठिकाणीही हे सगळे एका सकाळी होते. सिन्नर, निफाड, दिंडोरी, कळवणकडून नाशिकला येणाऱ्या घरांना मी एवढेच सांगतो की, रुग्णाच्या तपासणीची तारीख पडते त्याच दिवशी दात्याचा वेगळा केसपेपर काढा. एकाच एसटीने यायचे आहे, एकाच दिवसाची मजुरी बुडायची आहे. केसपेपर काढला की परिचारिका नाव पुकारते, आणि नाव पुकारले की पट्टा बांधला जातो. आमच्या साडेचार वर्षांत उणीव होती ती एका केसपेपरची, असे मला आता वाटते.

स्वयंपाकघरातले मात्र इतके सोपे नव्हते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सगळे मिळून सपाट चमचाभर, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताईच्या घरी उन्हाळ्यात वाळवणे होतात, पापड, कुरडया, सांडगे. लोणच्याच्या बरण्या मुलीच्या सासरपर्यंत जातात. आणि नाशिकच्या घरात चिवडा नसतो असे होत नाही. वरून मीठ घ्यायचे नाही एवढ्याने भागत नाही, हे तिला पटायला वेळ लागला. कोणीतरी सांगितले म्हणून तिने सैंधव सुरू केले होते. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, रक्तदाबाला त्याने सूट मिळत नाही. दुकानात मिळणारे कमी सोडियमचे मीठ तर तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नये, कारण त्यात पोटॅशियम असते आणि तिच्या गोळीनेही पोटॅशियम वाढू शकते. दुसरे म्हणजे गुडघेदुखीच्या गोळ्या. मेडिकलवाल्याकडून दोन-दोन आणून पदराच्या गाठीला बांधण्याची आपल्याकडच्या बायकांची सवय जुनी आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या रक्तदाबही चढवतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. मी ताईच्या फडताळातून अशा एकवीस गोळ्या काढल्या. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मी तिच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो, कारण गुडघे तिचे दुखत होते. मग डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल आणि व्यायामाचे वेळापत्रक मिळाले. आता ती रोज पहाटे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, चालायला जाते.

वहीची आता पाच वर्षांहून अधिक पाने भरली आहेत. पाने उलटताना वर्षाचा ऋतू त्यात दिसतो. थंडीत वरचा आकडा पाच-सहाने वर असतो, एप्रिल-मेमध्ये उतरतो, आणि दाजींचे बायपासचे ऑपरेशन झाले त्या महिन्यात सलग चार रविवार १४० च्या वर आहे. २०२० च्या वसंतात सात रविवार मी जाऊ शकलो नाही, कारण प्रत्यारोपण झालेल्या माणसाने घराबाहेर पडायचे नव्हते. त्या सात रकान्यांत तिरप्या रेघा आहेत. मला त्या रेघा आवडत नाहीत. त्याच काळात भाचीच्या मुलीने यंत्र लावायला शिकून घेतले, आणि आजीला गप्प बसवण्याचे काम तिला माझ्यापेक्षा चांगले जमते.

या पावसाळ्यात एका रविवारी पहाटेपासून पाऊस कोसळत होता. धरणातून विसर्ग वाढवल्याचे सकाळीच कळले होते आणि घाटाकडचे रस्ते बंद केले होते. नोकरीत असतो तर मी रात्रभर पट्टीजवळ असतो. नाशिकच्या जुन्या लोकांना क्युसेकचे आकडे लागत नाहीत. रामकुंडाजवळ गोदापात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत पाणी, कमरेपर्यंत पाणी, छातीपर्यंत पाणी, ही आमची पट्टी. मी वही घेऊन खिडकीपाशी बसलो होतो आणि आजचा रकाना तिरप्या रेघेने काढावा लागणार, असे मनाशी म्हणत होतो. आठला दोन मिनिटे कमी असताना फोन वाजला.

"येऊ नकोस," ताई म्हणाली, "मारुतीच्या कमरेला पाणी आलंय म्हणतात. वाड्यात काही नाही, आम्ही सगळे वर आहोत."

"बरं. गोळी घेतलीस का?"

"घेतली. आणि लिही. एकशे सव्वीस, अठ्ठ्याहत्तर. नाडी बाहत्तर. दोनदा मोजलंय, बोलले नाही मध्ये. लिहिलंस का?"

"लिहिलं."

"वेळ आठची टाक," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.